सँगमनकाठची मुरवत

इसवी सन १८३३ च्या शरदऋतूत इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या खेड्याजवळच्या रानात कुंपणासाठी लाकडे फोडीत असलेल्या एका चोवीस वर्षांच्या उंच, हडकुळ्या तरुणापाशी एक ओळखीचा गृहस्थ आला, आणि स्प्रिंगफिल्डच्या मोजणी-अंमलदाराने तुला आपला नायब नेमावयाचे ठरविले आहे, अशी वर्दी त्याने दिली. तरुणाचे दुकान त्यापूर्वीच बसले होते, भागीदार दारूपायी कामातून गेला होता, सावकारांची खते अंगावर होती आणि मोजणीच्या विद्येतील ओ की ठो त्याला ठाऊक नव्हते. अशा स्थितीतील मनुष्याने चालून आलेली चाकरी पदरात पाडून घ्यावी आणि शंका मागाहून काढाव्यात, हा जगाचा रिवाज. या तरुणाने शंका आधी काढली. नेमणूक देणारा जॉन कॅल्हून (दक्षिण कॅरोलिनाचा विख्यात मुत्सद्दी तो हा नव्हे) राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या पक्षाचा खंदा पुरस्कर्ता होता आणि तरुण हा जॅक्सनचे प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांचा उघड अनुयायी होता. तेव्हा ही जागा घेतल्याने आपल्या मतांवर काही बोजा तर चढणार नाही ना, एवढेच विचारण्यासाठी तो वीसेक मैलांची वाट तुडवून स्प्रिंगफिल्डला गेला. मला हाताखाली चोख माणूस हवा आहे, तुझ्या मतांशी मला कर्तव्य नाही, अशा आशयाचा खुलासा कॅल्हूनने केला, आणि तेव्हा कोठे अब्राहम लिंकनने ती जागा पत्करली.

ही हकीकत ज्यांनी सांगितली त्यांनी ती तीस वर्षांनंतर, लिंकनचा खून होऊन त्याच्या नावाभोवती तेजोवलय निर्माण झाल्यावर सांगितली. तेव्हा तिच्यातील संवाद जसाच्या तसा घडला असे मानण्याची आवश्यकता नाही. नेमणूक मात्र निर्विवाद आहे, आणि दोघांचे पक्षही निर्विवाद आहेत. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनात आपल्या भाषेतील एक शब्द आला, आणि प्रस्तुत पुस्तकाचे बीज त्या शब्दात आहे असे म्हटले तरी चालेल. उपकाराभोवती मराठीने शब्दांचा मोठा गोतावळा जमविला आहे : मेहरबानी, मुलाहिजा, भीड, मुरवत, वशिला, परंतु या सर्वांच्या शेवटी, उंबरठ्याबाहेर तिष्ठत असलेल्या याचकासारखा ‘मिंधा’ हा शब्द उभा असतो. उपकार घेतला की माणूस मिंधा व्हावयाचाच, अशी आपली पिढ्यानुपिढ्यांची समजूत, आणि ती ज्यांनी वतनदारी, दरबार व कचेऱ्या पाहिल्या त्यांच्या अनुभवातून आलेली असल्यामुळे खोटी म्हणवत नाही. अमेरिकेच्या सरहद्दीवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही वर्षे असा उपकार चालत होता की जो घेणारा मिंधा होत नसे आणि देणाराही त्याला मिंधा धरीत नसे. तो का चालला, कोणापुरता चालला आणि कशावर येऊन अडला, हे पाहावे म्हणून हे प्रकरण मी हाती घेतले.

मराठी वाचकास लिंकन परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केली होती. मात्र आपल्याकडे लिंकन येतो तो बहुधा लाकडाच्या झोपडीतून एकदम राष्ट्राध्यक्षाच्या प्रासादात. मधली जी पंचवीस-तीस वर्षे त्याने खेड्यांच्या दुकानांत, कोर्टांच्या पडव्यांत आणि विधिमंडळाच्या दालनांत माणसे जोडण्यात व प्रसंगी माणसांचा सौदा करण्यात घालविली, ती शालेय चरित्रांत एका परिच्छेदात उरकली जातात. माझा विषय नेमक्या त्या वर्षांचा आहे.

न्यू सेलम हे सँगमन नदीच्या काठच्या टेकाडावर १८२९ मध्ये वसलेले आणि दहा-अकरा वर्षांत उठून गेलेले खेडे. वस्ती भरभराटीच्या दिवसांतही पंचवीसेक घरांच्या पलीकडे गेली नाही. नदीवर गिरणी, दोन-तीन दुकाने, एक लोहार, एक पिंपे करणारा, एक वैद्य, एक शाळामास्तर आणि सभोवतीच्या झाडीतून शनिवारी घोडी फेकीत येणारे रांगडे शेतकरी, एवढाच त्याचा संसार. १८३१ च्या वसंतात तराफ्यासारख्या सपाट नावेतून माल घेऊन जाताना लिंकनची नाव त्या गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकली, आणि ती सोडविताना गावाने त्याला प्रथम पाहिले. पुढल्याच वर्षी तो विधिमंडळाच्या निवडणुकीस उभा राहिला व पडला. पण त्या पराजयातील एक आकडा असा आहे की तो त्याने स्वतः अट्ठावीस वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार असताना लिहून दिलेल्या त्रोटक आत्मवृत्तात अभिमानाने नमूद केला : काउंटीत तो हरला तरी त्याच्या स्वतःच्या केंद्रावर त्याला २७७ मते पडली आणि विरुद्ध अवघी ७ गेली, आणि हेच केंद्र, त्याच सालच्या हेमंतात, क्लेपेक्षा जॅक्सनला ११५ मते अधिक देऊन मोकळे झाले. ज्या गावाने त्याच्या नेत्याला नाकारले त्याच गावाने त्याला जवळजवळ एकमुखाने स्वीकारले होते.

या आकड्याने भारावून जाण्यापूर्वी त्या काळची मतदानाची रीत ध्यानात घेणे अवश्य आहे. सँगमन काउंटीच्या वाट्याला विधिमंडळाच्या चार जागा होत्या आणि प्रत्येक मतदारास चार मते होती. तीन मते पक्षाला द्यावीत आणि चौथे शेजाऱ्याला द्यावे, यात कोणाचे काही जात नव्हते. मुरवत स्वस्त होती. परंतु दुसरी गोष्ट तितकी स्वस्त नव्हती. मतदान गुप्त नसे. मतदाराने मेजापाशी यावे, आपले नाव सांगावे, आणि आपण कोणाकोणास निवडतो हे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारावे, व कारकुनाने ते वहीत मांडावे, असा इलिनॉयचा कायदा होता आणि तो १८४८ च्या नव्या घटनेपर्यंत टिकला. मागे उमेदवार उभे, पुढे सावकार उभा, बाजूला ज्याच्या शेतावर उद्या धान्य मळावयाचे तो शेजारी उभा, आणि अशा सर्वांच्या देखत कडव्या जॅक्सनभक्ताने क्लेच्या माणसाचे नाव घ्यावयाचे, म्हणजे ते मत राहत नव्हते, ती भर चावडीवर दिलेली जबानी होत होती. आपल्याकडे पंचांसमोर बोललेला शब्द जसा मागे घेता येत नाही, तसा तोही घेता येत नसे. गुप्त मतदानाने मतदार निर्भय होतो हे खरे. मैत्रीला मात्र त्या उघड्या वहीत जे स्थान होते ते बंद पेटीत राहिले नाही.

१८३३ च्या ७ मे रोजी लिंकन न्यू सेलमचा पोस्टमास्तर झाला. जॅक्सनची राजवट ही सरकारी जागा आपल्या माणसांत वाटण्याबद्दल त्या देशात प्रसिद्ध, किंवा कुप्रसिद्ध, झालेली राजवट होती. विजयी पक्षाने पराभूतांच्या हातून दफ्तरे काढून घ्यावीत हे तत्त्वज्ञान तिने राजमान्य केले. तिच्याच हाताने क्लेच्या या चेल्याला सनद कशी मिळाली? लिंकनचे उत्तर त्याच्या नेहमीच्या कोरड्या विनोदाचे आहे : ती जागाच इतकी क्षुल्लक होती की तिच्यासाठी राजकीय मते आड येण्याचे कारण नव्हते. ५०० डॉलरांचा मुचलका लिहून द्यावयाचा आणि वर्षाकाठी पन्नास-साठ डॉलर हातात पडावयाचे. टपाल आठवड्यातून एकदा येई, तेही नद्या उतरल्या तर. हशील पाठविणाऱ्याने भरण्याऐवजी बहुधा घेणाऱ्याने द्यावयाचे असे : एका कागदाच्या पत्रास तीस मैलांपर्यंत ६ सेंट आणि चारशे मैलांपलीकडे २५ सेंट, दोन कागद असले की दुप्पट. ज्या मुलखात रोकड दिसणे दुर्मिळ, तेथे पंचवीस सेंट हा कोणाकोणाला दिवसभराच्या राबणुकीचा मोबदला वाटे, आणि म्हातारी आई पूर्वेकडे खुशाल आहे एवढे वाचण्यासाठी तो मोजावा लागे. उधारी अपरिहार्य होती. लिंकन पत्रे टोपीत घालून फिरे आणि वाटेवरच्या घरी पोचती करी, ही आख्यायिका बहुश्रुत आहे; मला तिच्यापेक्षा एका साध्या पत्राचा मोह अधिक पडतो.

१८३५ च्या सप्टेंबरात मार्श नावाच्या एका रहिवाशाने आपल्या भावास पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की, आमचे पोस्टमास्तर लिंकन कचेरी उघडी टाकून निघून जाण्याच्या बाबतीत फार बेफिकीर आहेत, परंतु माणूस चांगला आहे आणि माझा खास स्नेही आहे. मी पत्र टाकावयास गेलो तेव्हा तो तेथे असलाच, तर त्याच्याकडून हशीलमाफीची सही करवून घेईन. पत्र उपलब्ध आहे आणि त्याच्या बाहेर हशीलमाफीचा शेरा लिंकनच्याच अक्षरात आहे. पोस्टमास्तराला स्वतःच्या पत्रांपुरती माफी होती; दुसऱ्याच्या पत्रावर तशी सही करणे हा १० डॉलर दंडाचा गुन्हा होता. ‘प्रामाणिक एब’ या चित्राला हा एक लहानसा चरा आहे, आणि तो लपविण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. उलट त्या मुलखातील मुरवतीचे यथार्थ स्वरूप या सहीत आहे : उघडी कचेरी, गैरहजर अंमलदार, सरकारी तिजोरीतून गेलेले पंचवीस सेंट, आणि त्याबद्दल कोणालाच काही न वाटणे. हीच सही पुढे एखाद्या मोठ्या दफ्तरात, मोठ्या रकमेवर, मोठ्या मित्रासाठी झाली असती तर आपण तिला काय म्हटले असते, हे वाचकाने मनात आणावे.

मोजणीच्या नोकरीत अशा सवलतींना वाव नव्हता, कारण साखळी कोणाची भीड धरीत नाही. लिंकनने गिब्सन आणि फ्लिंट यांचे मोजणीवरील ग्रंथ मिळविले, शाळामास्तर मेंटर ग्रॅहम याच्या मदतीने रात्री जागवून ते घोकले, आणि १८३४ च्या प्रारंभी तो कामास लागला. साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. अशा दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडे ज्यांच्या घरी सातबाऱ्याचे उतारे आहेत त्यांना येथे आपली जुनी ओळख पटेल, कारण आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, आणि ३३ म्हणजे त्याच साखळीचा नेमका अर्धा. इंग्रजांनी एकच माप सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि प्रेअरीच्या गवतात अंथरले. १६० एकरांच्या तुकड्याच्या हद्दी कायम करण्याची फी अडीच डॉलर होती, पण फी नेहमी डॉलरांत येई असे नाही. रसेल गॉडबी नावाच्या शेतकऱ्याने पहिल्या मोजणीपोटी हरणाची दोन कमावलेली कातडी दिली. ती कातडी हॅना आर्मस्ट्राँगने लिंकनच्या विजारीला पुढून गुडघ्यांवर व नडग्यांवर शिवून दिली, कारण मोजणीदाराला झुडपे चुकवून वळसा घालता येत नाही. रेघ जेथून जाते तेथूनच त्याला जावे लागते. हॅनाचा नवरा जॅक हा क्लेरीज ग्रोव्हच्या उनाड टोळीचा म्होरक्या व बहुतेक टोळीप्रमाणे जॅक्सनवाला होता, १८३१ मध्ये त्याने लिंकनशी कुस्ती केली होती, आणि पुढल्या वर्षी इंडियन पुढारी ब्लॅक हॉक याच्यावरील मोहिमेत तो लिंकनच्या तुकडीत सार्जंट होता. हे कातडे आणि ही शिवण वाचकाने ध्यानात ठेवावी.

१८३४ च्या हेमंतात जुन्या कर्जाच्या हुकूमनाम्यावरून लिंकनचा घोडा, खोगीर आणि मोजणीची उपकरणे जप्त होऊन लिलावास निघाली. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती १२० डॉलरांस बोलीत घेतली आणि तेथल्या तेथे लिंकनच्या स्वाधीन केली. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, स्वतः विपन्नावस्थेत कॅलिफोर्नियात असलेल्या या शॉर्टला राउंड व्हॅली येथील इंडियन वसाहतीवर सरकारी जागा मिळाली. हृद्य गोष्ट आहे. मात्र त्या वसाहतीतील इंडियनांना या ऋणफेडीविषयी कोणी विचारले नव्हते.

आता बोलिंग ग्रीनकडे वळतो, कारण माझ्या मते या सगळ्या मंडळींत रसाळ पात्र तेच. देह स्थूल, हसणे पोट हलविणारे, हुद्दा किरकोळ दाव्यांच्या न्यायाधीशाचा, पक्ष जॅक्सनचा, म्हणजे डेमोक्रॅट. त्याच्या कोर्टात लिंकन प्रथम गंमत म्हणून आणि मग गांभीर्याने वाद करू लागला. त्याच्याकडून त्याने कायद्याची पुस्तके नेली. त्याच्या घरी जेवला. १८३४ च्या निवडणुकीत याच ग्रीनने लिंकनपुढे असा प्रस्ताव मांडला की, आमच्या पक्षाच्या उमेदवारांपैकी दोघांना आम्ही गाळतो आणि ती मते तुला देतो. यात स्नेह होता, आणि स्नेहाच्या पोटात एक कावाही होता. क्लेपक्षाचा काउंटीतील खरा पुढारी जॉन स्टुअर्ट हा होता. लिंकनला वर काढले तर चौथ्या जागेवर स्टुअर्टला खाली दाबता येईल, असा डेमोक्रॅटांचा होरा होता. लिंकन प्रस्ताव घेऊन सरळ स्टुअर्टकडेच गेला. स्टुअर्टने दोन्ही बाजूंचा हिशेब केला आणि, घे, माझे मी पाहून घेईन, असे सांगितले. निकाल लागला तेव्हा १३ उमेदवारांत लिंकन १,३७६ मते मिळवून दुसरा आला आणि स्टुअर्ट १,१६४ मतांनी चौथा, म्हणजे जेमतेम आत. ग्रीनचा मित्र निवडून आला, ग्रीनच्या पक्षाचा डाव फसला, लिंकनने स्वपक्षाशी दगा केला नाही आणि विरोधकांचा उपकारही नाकारला नाही. पुढे स्टुअर्टनेच त्याला वकिलीस लावले व आपला भागीदार करून घेतले. १८४२ मध्ये ग्रीन वारला. त्याच्या स्मरणार्थ बोलावयास उभा राहिलेला लिंकन, तोवर राज्यातील नाणावलेला वक्ता, शब्द न फुटता खाली बसला असे तेथील लोक सांगत.

या सौद्याला राजकारण म्हणावे की मैत्री, असा प्रश्न मला काही स्नेह्यांनी हस्तलिखित वाचून केला. मला हा विभागच कृत्रिम वाटतो. रोकड नाही, पेढी नाही, दवाखाना नाही आणि वकील वीस मैलांवर, अशा गावी लिहिता-वाचता येणारा, हिशेबाला खरा, दारू न पिणारा आणि कुस्तीत पाय न लटपटणारा माणूस हे सार्वजनिक भांडवल होते, आणि ते गावातून निघून जाऊ नये ही क्लेच्या अनुयायांइतकीच जॅक्सनच्या अनुयायांची गरज होती. देणाऱ्याला गरज असली की घेणारा मिंधा होत नाही. कॅल्हूनच्या कचेरीत कामाचा डोंगर साचला होता, कारण जमिनीची खरेदी वेड्यासारखी वाढली होती; गावाला पोस्ट हवे होते; ग्रीनला संध्याकाळी गप्पांना माणूस हवा होता. शिवाय पक्ष हे तेव्हा अजून ओल्या मातीचे होते. क्लेपक्षाचे ‘व्हिग’ हे नावच १८३४ च्या सुमारास रूढ झाले. इलिनॉयमध्ये डेमोक्रॅटांनी १८३५ नंतर प्रतिनिधिसभा भरवून उमेदवार ठरविण्याची पद्धत रुजविली, तरुण स्टीफन डग्लस तिचा पुरस्कर्ता झाला, व्हिगांनी प्रथम नाके मुरडली आणि मग निमूटपणे तीच पद्धत उचलली. सभा यादी ठरवू लागताच बोलिंग ग्रीनला दोन नावे परस्पर गाळण्याचा अधिकार उरला नाही. मुरवत मेली ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. छापील यादीत तिला रकाना नव्हता.

पण ही मुरवत कोणापुरती होती, हा प्रश्न टाळून पुढे गेलो तर ही प्रस्तावना स्तुतिपाठ ठरेल. ज्या जमिनीवर लिंकनची साखळी पडत होती ती किकापू लोकांनी १८१९ च्या तहाने सोडून दिलेली, म्हणजे त्यांच्याकडून सोडवून घेतलेली, जमीन होती. १८३२ च्या ज्या ६ ऑगस्टला न्यू सेलमने आपल्या लाडक्या उमेदवारास २७७ मते दिली, त्याच्या चारच दिवस आधी बॅड ॲक्स नदीच्या मुखाशी ब्लॅक हॉकच्या बायकापोरांसह माघार घेणाऱ्या लोकांची कत्तल झाली होती. आणि पोस्टमास्तराच्या ५०० डॉलरांच्या मुचलक्याशेजारी दुसरा एक मुचलका ठेवून पाहण्यासारखा आहे : १८२९ च्या कायद्यान्वये इलिनॉयमध्ये वस्तीस येणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयास १,००० डॉलरांचा जामीन द्यावा लागे. ज्याला राज्यात पाऊल ठेवण्यासाठीच पोस्टमास्तराच्या दुप्पट हमी द्यावयाची, त्याला मेजापाशी उभे राहून कोणाचेही नाव उच्चारण्याचा अधिकार नव्हता. पक्षभेद विसरणारी ही मैत्री वर्णभेदाच्या कुंपणाच्या आत, ऊबदार शेकोटीभोवती बसली होती. तिची ऊब खरी होती, कुंपणही खरे होते.

पुढची कहाणी वेगाने सांगतो. पुस्तकात ती सविस्तर आहे. १८३७ मध्ये राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफिल्डला नेण्यासाठी सँगमनच्या नऊ उंच सभासदांनी दोन्ही पक्षांच्या मतांची जी देवाणघेवाण केली, तीत कालव्यांच्या व आगगाड्यांच्या योजनांसाठी राज्याने सुमारे एक कोटी डॉलरांचे कर्ज डोक्यावर घेतले व काही वर्षांत राज्याचे दिवाळे वाजण्याची पाळी आली. मोठ्या प्रमाणावर केलेली मुरवत ती हीच. १८४२ मध्ये डेमोक्रॅट हिशेबनीस जेम्स शील्ड्स यांच्यावर वृत्तपत्रात निनावी टवाळी लिहिल्यावरून लिंकनला मिसिसिपी नदीतील बेटावर द्वंद्वास उभे राहावे लागले. त्याने घोडदळी रुंद तलवारी मागितल्या, आपल्या सहा फूट चार इंचांचा फायदा प्रतिपक्षाच्या ध्यानात आणून दिला, आणि स्नेह्यांनी मध्ये पडून ते मिटविले. याच शील्ड्सना लिंकनने १८६१ मध्ये ब्रिगेडियर-जनरल केले. स्वपक्षाचा अनुभव निराळा होता. १८४९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष टेलर यांच्या विजयासाठी राबलेल्या या जुन्या नायब मोजणीदाराने साऱ्या देशाच्या जमीन-कचेरीचे आयुक्तपद मागितले, तेव्हा त्याच्या व्हिग सरकारने ते जस्टिन बटरफील्ड यांना दिले, ज्यांनी टेलर यांना उमेदवारीच मिळू नये म्हणून खटपट केली होती. विरोधकांनी न मागता साखळी हातात दिली. स्वकीयांनी मागूनही दफ्तर दिले नाही. हा विरोध पाहून मला हसू आवरत नाही. लिंकनला तेव्हा ते आवरत असावे.

गुलामगिरीचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा मुरवतीची सीमा दिसली. गुलामगिरीला नव्या मुलखात वाट देणाऱ्या कॅन्सास-नेब्रास्का कायद्यानंतर, १८५५ च्या फेब्रुवारीत, सेनेटच्या जागेसाठी पहिल्या फेरीत लिंकनची मते सर्वांत अधिक होती. परंतु पाच गुलामगिरीविस्तारविरोधी डेमोक्रॅट व्हिगाला मत देण्यास काही केल्या तयार होईनात. दहाव्या फेरीत लिंकनने आपली सारी मते त्यांच्या लायमन ट्रंबुलकडे वळविली आणि स्वतः बाजूला झाला. लिंकनने ट्रंबुलला क्षमा केली. लिंकनची पत्नी मेरी हिने ट्रंबुलच्या पत्नीला केली नाही. ती पत्नी, ज्युलिया जेन, हीच तेरा वर्षांपूर्वी मेरीबरोबर बसून शील्ड्सची टवाळी लिहिणारी मैत्रीण होती. राजकारणातील त्यागाचा हिशेब लिहिणाऱ्यांनी या रकान्याकडेही नजर टाकावी.

आणि जॉन कॅल्हून? ज्याने मतांशी मला कर्तव्य नाही असे म्हटले तो १८५४ मध्ये कॅन्सास-नेब्रास्काचा सर्वाधिकारी मोजणी-अंमलदार होऊन पश्चिमेस गेला, आणि १८५७ च्या लेकॉम्प्टनच्या घटनासभेचा अध्यक्ष झाला, जिने गुलामगिरी कॅन्सासच्या माथी मारणारी घटना रचली. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या बनावट वह्या त्याच्या कचेरीजवळील लाकडाच्या ढिगाखाली, मेणबत्त्यांच्या खोक्यात पुरलेल्या सापडल्या. १८५९ मध्ये तो मिसुरीत वारला. लिंकन लेकॉम्प्टनच्या विरुद्ध व्यासपीठांवर कडाडत होता. मात्र कॅल्हूनच्या बुद्धीविषयीचा त्याचा आदर ढळला नाही असे त्याचे सहकारी सांगतात. मोजणीच्या हद्दी ज्याने लिंकनला शिकविल्या त्याच्याशी लिंकनची हद्द येथे लागली, आणि तेथे साखळी दुसऱ्या बाजूने धरावयास कोणीच नव्हते.

पुस्तकाची प्रकरणे माणसांच्या नावांनी लावली आहेत, सालांच्या अनुक्रमाने नाही. त्यामुळे काही प्रसंग दोनदा येतात आणि दुसऱ्यांदा थोडे निराळे दिसतात. ते तसेच राहू दिले. न्यू सेलमच्या साक्षी मुख्यत्वे लिंकनचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन याने १८६५ नंतर जमविलेल्या. म्हाताऱ्यांना तारुण्य गोड वाटते, एवढी सूट देऊन मी त्या वापरल्या आहेत. सर्वांत मोठे प्रकरण आर्मस्ट्राँग कुटुंबाचे झाले, त्याला माझा इलाज नाही.

जॅकचा मुलगा विल्यम ऊर्फ डफ हा खुनाच्या आरोपात सापडला. बियर्डस्टाउनच्या कोर्टात, १८५८ च्या ७ मे रोजी, म्हणजे पोस्टमास्तरकीची सनद मिळाल्यास बरोबर पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, लिंकन त्याच्या बचावास उभा राहिला. रात्री अकराच्या सुमारास चंद्रप्रकाशात घाव घालताना पाहिले असे साक्षीदार शपथेवर सांगत होता. लिंकनने पंचांग मागविले आणि त्या वेळी चंद्र क्षितिजाला टेकत आला होता हे ज्यूरीला दाखविले. डफ सुटला. फी घेतली नाही. १८६३ च्या सप्टेंबरात हॅनाने राष्ट्राध्यक्षाला कळविले की पोर पलटणीत आजारी आहे, त्याला घरी सोडा. लक्षावधी आयांची पोरे तेव्हा पलटणीत होती आणि आजारीही होती. त्या सर्वांना हे दार उघडे नव्हते. उत्तराची तार थोड्या शब्दांची आहे : तुमच्या विल्यमला, जो तुम्ही म्हणता त्याप्रमाणे लुईव्हिल येथे आहे, मोकळा करण्याचा हुकूम मी नुकताच दिला आहे. हॅना आर्मस्ट्राँगचे तेव्हा वय झाले होते. हरणाच्या कातड्याला दाभण लागते, आणि ती शिवण हाताला फार जड जाते.